मुलांच्या पडद्यावरील मुली

मुलांच्या कार्यक्रमांत मुली किती आहेत, यापेक्षा त्या काय करतात, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. अनेक मालिकांत मुलग्यांच्या टोळीत एकुलती एक मुलगी असते आणि मुलगी असणे हीच तिची सारी ओळख ठरते, असे अमेरिकी लेखिका कॅथा पॉलिट यांनी १९९१ मध्येच दाखवून दिले होते.

याउलट युनिसेफने नव्वदच्या दशकात दक्षिण आशियासाठी घडवलेली कार्टूनमधील मुलगी मीना शाळेचा हट्ट धरते आणि भाऊ राजूइतकेच अन्न मागते. ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी बालकार्यक्रमाची ईजिप्तमधील आवृत्ती असलेल्या ‘आलम सिमसिम’मधील बाहुली खोखाही शिकण्यासाठी आसुसलेली आहे.

मला सर्वांत विचारपूर्वक वाटते ती ‘सेसमी स्ट्रीट’ची अफगाणिस्तानातील आवृत्ती. तेथे २०१६ साली सहा वर्षांची झरी आली आणि पुढच्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ झिरक आला, जो शाळेत जाणाऱ्या बहिणीकडे कौतुकाने पाहतो, तिच्यासारखे व्हावे असे त्याला वाटते. मुलींच्या शिक्षणाविषयी मुलग्यांशीही बोलले पाहिजे, हे ओळखणारे कार्यक्रम (आणि पालकही) मला फार थोडे दिसतात. बहुतेक ठिकाणी हा विषय केवळ मुलींचा म्हणून सोडून दिला जातो.