चिल्लर संपवायचा दिवस

टूरवाल्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दिवसासाठी एकच ओळ असते, 'ब्रेकफास्टनंतर एअरपोर्टकडे प्रस्थान'. एकटीनं फिरायला गेलं की ती ओळ आपली आपणच भरायची असते आणि तिथेच गोची होते. माझी फ्लाइट रात्री साडेनऊची, रूम अकराला सोडायची, म्हणजे मधे अख्खा दिवस मी लिस्बनमधे बेघर. बॅग गेस्टहाऊसच्या जिन्याखाली, अंगावर परवाचाच टीशर्ट कारण धुतलेलं सगळं तळाशी गेलेलं, आणि मनानं मी ऑलरेडी डोंबिवलीत गॅसचं बुकिंग करतेय.

सकाळी पलंगावर चिल्लर पसरून बसले. आठ दिवसात हिशोब नको म्हणून दरवेळी नोटच काढायची आणि सुटे पर्समधे ढकलायचे, त्यामुळे ती पर्स दाभेळीसारखी फुगली होती. मोजले तर 13 युरो 42 सेंट. नोटा संपलेल्या, कार्ड होतं, पण प्रश्न पैशांचा नव्हताच. प्रश्न असा की मनी एक्स्चेंजवाले नाणी घेत नाहीत. घरी एका बिस्किटाच्या डब्यात बाथ आणि दिरहम गेली कित्येक वर्षं खुळखुळतायत, दर दिवाळीच्या साफसफाईत आई तो डबा हलवून "ह्याचं काय करायचंय?" असं विचारते आणि परत ठेवते. त्यात आणखी भर घालायची नाही असं ठरवलं. आजचा कार्यक्रम, चिल्लर संपवणे. टूरवाल्यांपेक्षा बराच ठोस म्हणायचा.

खाली काउंटरवरच्या बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "शाव्ह?" मला कळलंच नाही, मग त्यांनी हवेत कुलूप उघडून दाखवलं. चावी! म्हणजे तो शब्द आपल्याकडे यांच्याकडूनच आलाय हे माहीत होतं, शाळेत 'पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द' म्हणून पाठ केलेली यादी होती, पण यादीतला शब्द असा समोर हात पसरून उभा राहील असं वाटलं नव्हतं. आठ दिवस असंच चाललं होतं. न्हाणीघरातली बालदी म्हणजे त्यांची बाल्द. आमच्या वेंगुर्ल्याच्या आजीचं घर आठवून मी मनात म्हटलं, आजीला इथे आणलं असतं तर तिनं निम्मं घरकाम इंग्रजी न बोलता उरकलं असतं. दरवेळी जमतंच असं मात्र नाही. भाजीवाल्याकडे 'पेरा' अशी पाटी बघून मी आनंदानं पेरू घ्यायला गेले तर निघाली नासपती.

चावी दिली. आता माझ्याकडे कुठल्याच दाराची चावी नव्हती, घराची होती पण ती बॅगेत सात थर खाली.

एक गोष्ट मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती, टाइल्सचं म्यूझियम. 1755 सालच्या 1 नोव्हेंबरला या शहरात भयंकर भूकंप झाला, वर त्सुनामी, वर आगी, आणि जुनं लिस्बन जवळजवळ गेलंच. तर भूकंपाच्या आधीचं शहर नदीवरून कसं दिसायचं ते निळ्या पांढऱ्या टाइल्सवर रंगवलेलं, साधारण 23 मीटर लांबीचं चित्र या म्यूझियममधे आहे. पुरणपोळी शेवटी खाणाऱ्या लोकांसारखी मी ते मागे ठेवत आले. अर्धा तास उतार उतरत, घोटे सांभाळत पोचले तर फाटक बंद. सोमवार. सोमवारी इथली बरीच म्यूझियम्स बंद असतात हे मी स्वतः वहीत लिहून ठेवलं होतं, पण सुट्टीवर वार कोणाच्या लक्षात राहतो.

फाटकापाशी आणखी एक जोडपं होतं. ती त्याला काहीतरी बोलत होती, भाषा कळत नव्हती पण 'मी तुला कालच म्हटलं होतं' हे कुठल्याही भाषेत कळतं. मला त्यांचा हेवा वाटला. एकटीनं फिरण्याचे फायदे सगळे सांगतात, कुठेही थांबा, काहीही खा, वगैरे वगैरे, पण चूक झाल्यावर चिडायला समोर कोणी नसतं हा तोटा कोणी सांगत नाही. मी थोडा वेळ स्वतःवर चिडून बघितलं. मजा येत नाही.

मग कॉफी. इथे एस्प्रेसोला 'बिका' म्हणतात आणि ती काउंटरला उभं राहून प्यायची असते, दोन घोट आणि संपली, आपल्या कटिंगपेक्षाही कमी. सोबत पाश्तेल द नाता, म्हणजे खुसखुशीत वाटीत अंड्याचं कस्टर्ड, वर भुरभुरायला दालचिनी. आठ दिवसात मी अशा किती खाल्ल्या ते लिहीत नाही. मी नाणी एकेक करून काउंटरवर मांडली, दहा सेंट, पाच सेंट, परत दहा, आणि काउंटरमागचे काका शांतपणे बघत राहिले. आपल्याकडे चिल्लर दिली की वाण्याचा चेहरा उजळतो, इथे तसं काही नाही, काकांच्या चेहऱ्यावर सोमवार होता. 2 युरो 30 गेले.

पण नाणी अशी एकेक मांडताना पहिल्यांदाच नीट बघितली. युरोच्या नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी, दुसरी ज्या देशानं पाडलं त्याची. माझ्याकडे जर्मनीचा गरुड होता, आयर्लंडची वीणा होती, स्पेनचा राजा होता, म्हणजे जे देश मी बघितलेही नाहीत ते माझ्या पर्समधे आठवडाभर फिरत होते. पोर्तुगालच्या नाण्यांवर त्यांच्या पहिल्या राजाच्या, अफोन्सोच्या काळातल्या बाराव्या शतकातल्या मोहोरा आहेत. हापूसवाला अफोन्सो वेगळा हं, तो अल्बुकर्क, 1510 मधे गोवा घेणारा. तरी एका अफोन्सोची नाणी मोजून देताना दुसऱ्याची आठवण येतेच, आणि ऑक्टोबरात आंब्याची आठवण येणं ही शुद्ध छळवणूक आहे.

फोन वाजला. आई. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, साडेचार तासांचा फरक.

"निघालीस का?"

"अगं फ्लाइट रात्री आहे."

"मग एअरपोर्टवर जाऊन बस ना शांत. रस्त्यात काय फिरतेयस."

हा सल्ला मूर्खपणाचा नाही. शेवटच्या दिवशी खरंच एक धाकधूक असते, मेट्रो बंद पडली तर, पासपोर्ट हरवला तर, आणि मी दर वीस मिनिटांनी पाऊचची चेन चाचपतच होते. पण एअरपोर्टवर आठ तास बसण्यासाठी मी पैसे साठवले नव्हते. जेवून निघते म्हटलं, जेवणाचं नाव काढलं की आई विरघळते.

जेवायला एका छोट्या खानावळीत 'काल्दू व्हेर्द' सांगितलं. हिरवं सूप. सॉसेजची चकती घालतात ती नको म्हणून खुणांनी सांगितलं. बटाटा शिजवून घोटलेला आणि त्यात हिरवी पालेदार 'कोव्ह' अगदी बारीक चिरून. बटाट्याला ते 'बताता'च म्हणतात, आणि कोव्ह म्हणजे आपल्या कोबीचं माहेर. म्हणजे बघा, डब्यात कोबी-बटाटा दिसला की तोंड वाकडं करणारी मी, अकरा-बारा तास फ्लाइटमधे आणि चार तास ट्रान्झिटमधे काढून, शेवटच्या दिवशी स्वतःच्या पैशानं कोबी-बटाटा खात होते. आणि बाऊल पावानं पुसून खात होते. 3 युरो 40.

दुपारी पाय आपोआप रोसिऊ चौकाकडे वळले. जमिनीवर काळ्या पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत तो चौक. त्याच्या बाजूलाच साओ दोमिंगुशचं चर्च. फुकट आणि सोमवारी चालू, एवढ्याच कारणासाठी गेले खरं सांगायचं तर. आत गेल्यावर मात्र पाय थांबले. 1959 मधे हे आतून जळालं. नंतर छत घातलं, पण खांब तसेच ठेवले, तडकलेले, कोपरे उडालेले, भाजलेल्या वांग्यासारखे काळपट. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की आधी ग्रॅनाइट आणि ऑइलपेंट येतो, त्या सवयीच्या डोळ्यांना हे विचित्रच वाटतं, कोणीतरी काम अर्धवट टाकून गेल्यासारखं. बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यातली एक चक्क डुलकी काढत होती. मी पण बसले, किती वेळ ते माहीत नाही. फोटो काढला नाही. आदल्या सात दिवसात मी प्रत्येक जागी पोचल्या पोचल्या पुढची जागा शोधत होते, नकाशावर निळा ठिपका आणि आपण त्याच्या मागे. आज पुढची जागाच नव्हती. म्यूझियम उघडं असतं तर मी या बाकावर बसले नसते, हे लिहिताना थोडं मनाचं समाधान वाटतंय हे मान्य, ते 23 मीटर चित्र हुकल्याची हळहळ आहेच.

बाहेर आल्यावर समोरच इवल्याशा ग्लासात आंबट चेरीची दारू, 'जिंजा' मिळते, ती घेतली. दीड युरो. हे आईला सांगितलेलं नाही. कोपऱ्यावर एक आजोबा अकॉर्डियन वाजवत होते, त्यांच्या टोपीत आयर्लंडची वीणा टाकली, वादकाकडे वीणा गेली तर बरं.

प्रवासाच्या कार्डावर अजून बॅलन्स होता, तोही संपवायचाच, म्हणून फेरीबोट. काइश दु सोद्रेवरून पलीकडच्या कासील्याशला दहाएक मिनिटं लागतात. टेगस नदी, तिथले लोक 'तेझू' म्हणतात, पण ती नदी वाटतच नाही, मुखाशी इतकी रुंद की खाडीच. बोटीत टूरिस्ट मोजकेच, बाकी ऑफिस सुटलेले लोक, पिशव्या, एक मुलगा पाठ करत होता काहीतरी, एक बाई खिडकीला डोकं टेकून झोपलेली. उजवीकडे तो लाल झुलता पूल. 1966 मधे बांधला तेव्हा हुकूमशहा सालाझारचं नाव दिलं होतं, 1974 च्या 25 एप्रिलला क्रांती झाली आणि तारीखच पुलाचं नाव झाली. सगळ्यांच्या मोबाइलमधे हा पूल आहे, बोटीत मात्र कोणी मान वर करून बघत नव्हतं. मी पण बघितलं नाही फारसं. पणजीहून बेतीला जाणारी फेरी आठवत होती, तिथेही फक्त पाहुणे कठड्याशी जातात आणि बाकीचे स्कूटरवर बसल्या बसल्या फोन बघतात. पलीकडे उतरले, धक्क्यावर पाच मिनिटं उभी राहिले, पुढच्या बोटीनं परत. कोणी विचारलं असतं की कशाला गेली होतीस तर सांगता आलं नसतं. कोणी विचारणारं नव्हतं, हे मात्र एकटीनं फिरण्यातलं खरं सुख.

बॅग उचलली. ग्रासाच्या टेकडीवरून मार्तिम मोनिझच्या मेट्रोपर्यंत त्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडांवरून चाकांची बॅग न्यायची म्हणजे पूर्ण मोहल्ल्याला दवंडी, खडखडखड, पाहुणी चालली हो. खाली आशियाई दुकानं आहेत ओळीनं, मसाले, फोनची कव्हरं, तांदळाच्या गोण्या. एका दुकानात आईसाठी साबण घ्यायला शिरले. गल्ल्यावरचा मुलगा बांगलादेशी असावा, बॅग बघून हिंदीत म्हणाला, "घर जा रहे हो?" हो म्हटलं. "कितने दिन थे?" आठ. "मैं छे साल," तो म्हणाला, आणि साबण पिशवीत टाकले. मधे एकदाही गेला नाहीस का असं विचारणार होते पण विचारलं नाही. तीन साबण, साडेचार युरो. माझी तांब्याची एक-एक दोन-दोन सेंटवाली सगळी नाणी त्यानं न कुरकुरता मोजली, वर म्हणाला, "दीजिए दीजिए, छुट्टा लगता है." वाण्याचा उजळलेला चेहरा अखेर दिसला.

उरले 72 सेंट. शेजारच्या बेकरीत पंचवीस सेंटला एक असे दोन पाव घेतले, गोल, मधे चीर असलेले, वाटेत भूक लागली तर असू देत म्हणून. 'पाँव' म्हटलं की तिथे पावच मिळतो, हाही एक दिलासा. 22 सेंट राहिलेच शेवटी. सूर्यास्त वगैरे काही बघितला नाही, तेव्हा मी एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेत बेल्ट काढत होते.

विमानात जेवण मिळालं, ट्रान्झिटमधे झोप लागली, पाव तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोंबिवलीत आईनं बॅग उघडली, साबण हुंगून बाजूला ठेवले, मग कागदी पिशवीत हात घातला.

"हे काय?"

"पाव."

"पाव?" आई माझ्याकडे बघत राहिली. "युरोपातून पाव आणलास? खाली पाववाला रोज येतो ना सकाळी."

मग तिनं तो दाबून बघितला, नखानं टकटक केली, तवा ठेवला, तूप सोडलं आणि दोन्ही पाव अर्धे कापून भाजले. चहात बुडवून एक तुकडा खाल्ला.

"आपल्यासारखाच आहे की," म्हणाली. "जरा कडक आहे."