मल बेटावरचा ऑक्टोबर

स्कॉटलंडमधल्या ओबानहून सुटलेली बोट पाऊण-एक तासात मल बेटावरच्या क्रेगन्यूरच्या धक्क्याला लागते. उन्हाळा सरला की या बोटीला गर्दी बेताचीच. पण ऑक्टोबरमध्ये, बेटावरच्या मोटार रॅलीच्या आठवड्यात तिच्यावर जागा मिळणं म्हणजे गणपतीत कोकणकन्येचं तिकीट मिळण्यासारखं. खालच्या मजल्यावर ट्रेलरला बांधलेल्या जुन्या फोर्ड एस्कॉर्ट, सुबारू, टायरांच्या चळती, पेट्रोलचा वास. वरच्या मजल्यावर एकमेकांना वर्षानंतर भेटणारी माणसं. त्यातली निम्मी स्पर्धक किंवा मेकॅनिक, आणि उरलेली चक्क चाकरमानी. ग्लासगो, एडिंबरा, ॲबरडीनला नोकरीला गेलेली मलची मुलं नाताळला एखादवेळी येणार नाहीत, पण रॅलीला येतात. मी मूळचा देवरुखचा, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मी पहिल्यांदा गेलो 2011 साली. ग्लासगोच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचं आजोळ मलवर. "मार्शल कमी पडतात, येतोस का?" एवढंच त्याने विचारलं होतं. मार्शल म्हणजे स्टेजच्या, म्हणजे शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या टप्प्याच्या, एखाद्या वळणावर केशरी जाकीट घालून, शिट्टी आणि लाल झेंडा घेऊन उभं राहणारा स्वयंसेवक. पैसे मिळत नाहीत, पाऊस भरपूर मिळतो. तेव्हापासून माझं ऑक्टोबरचं कॅलेंडर त्या एका आठवड्याभोवती फिरू लागलं.

मल हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं बेट, वस्ती तीनेक हजारांची. टोबरमोरी हे मोठं गाव, बंदराकाठी लाल, पिवळी, निळी घरं. बाकी सगळा डोंगर, खाड्या आणि एकेरी रस्ते. समोरून गाडी आली तर एकाने थोड्या थोड्या अंतरावर केलेल्या फुगवट्यात थांबायचं, हात वर करायचा, मग दुसऱ्याने जायचं. याच रस्त्यांवर 1969 पासून रॅली होते. ती सुरू केली लँकेशरमधल्या 2300 क्लब नावाच्या मोटार मंडळाने. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. आयल ऑफ मॅन आणि आयर्लंडमध्ये रस्ते बंद करून रॅली घेण्याची पद्धत जुनी, पण इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये ते चालत नव्हतं. मलसाठी संसदेत खास कायदा झाला आणि 1990 पासून इथले रस्ते रॅलीसाठी रीतसर बंद होऊ लागले. इंग्लंडला तशी मुभा मिळायला 2017 उजाडलं. एवढ्याशा बेटाने हे सत्तावीस वर्षं आधी मिळवलं, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

मात्र कायद्याने रस्ता बंद होतो तो कागदावर. मलवर दुसरा रस्ता नसतो. डर्व्हेग गावाच्या पुढे कुणाचं घर असेल आणि त्या पट्ट्यात स्टेज असेल, तर त्या काही तासांत घरातला माणूस घरात आणि बाहेरचा बाहेर. दूध संपलं, मेंढी अडकली, बोटीची वेळ झाली, तरी निघता येत नाही. दर वर्षी शेकडो घरांना असं थांबायला सांगायचं, तेही ज्यांना मोटारींचं काडीचं वेड नाही त्यांना, हे काम गाडी चालवण्यापेक्षा कठीण आहे असं माझं मत आहे.

ते काम आमच्या पट्ट्यात मित्राचे मामा करायचे. रिटायर झालेले, उंच, हातात कायम ओली टोपी. सप्टेंबरातल्या दोन शनिवारी ते घराघरांत पत्रं देत फिरायचे आणि पुढची काही वर्षं मी त्यांच्याबरोबर फिरलो. पत्रात बेटाचा नकाशा, कुठला रस्ता किती वाजता बंद, किती वाजता खुला, आणि रॅलीच्या कंट्रोल रूमचा नंबर. घरात कुणाला बरं वाटेनासं झालं तर त्या नंबरवर फोन करायचा, स्टेज तिथल्या तिथे थांबते आणि ॲम्ब्युलन्सला वाट मिळते. मामांचा नियम एकच होता. पत्र पेटीत टाकायचं नाही, माणसाच्या हातात द्यायचं. माणूस भेटला नाही तर संध्याकाळी परत यायचं.

पहिल्याच फेरीत त्यांनी गाडी नेऊन थांबवली ती रॅलीला विरोध करणाऱ्याच्या दारात. मला एकदम आमच्या आळीतल्या गणेशोत्सव मंडळाचे थोरले आठवले. वर्गणीला निघालो की तेही आम्हा पोरांना आधी त्याच घरी न्यायचे, जिथून कधी पावती फाटली नव्हती. "गोड घरं काय, कधीही होतात," म्हणायचे.

हे गृहस्थ शहरातून शांततेसाठी बेटावर येऊन राहिलेले. दोन वर्षं त्यांनी स्थानिक कौन्सिलला विरोधाचं पत्र लिहिलं होतं. मामांनी कागद बाहेरच काढला नाही. चहा घेतला, पावसाबद्दल बोलले, कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. अर्ध्या तासाने खरी गोष्ट निघाली. आवाजाबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक गाडी वळणावर घसरून त्यांच्या बांधावर आदळली होती, दगड पडले ते पडलेच. स्पर्धेनंतर प्रत्येक चालकाने कुठे काय नुकसान केलं ते फॉर्मवर लिहून द्यायचं असतं, ते त्याने दिलं नव्हतं. या माणसाने मेंढ्या आत राहाव्यात म्हणून तिथे दोन वर्षं जुना पलंग आडवा लावला होता.

पुढच्या रविवारी आम्ही पाच जण तो बांध रचायला गेलो. सिमेंट नाही, माती नाही, दगडावर दगड. मला दगड हातात घेतल्या घेतल्या ओळख पटली. आमच्याकडे याला गडगा म्हणतात. जांभ्याचा असो की इथल्या काळ्या दगडाचा, रीत तीच: मोठे खाली, लहान वर, दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा, मधल्या फटींत चिपा ठोकायच्या आणि रचताना हाताला दगड डुगडुगला तर तो फिरवून बघायचा. आजोळी आजोबांच्या मागे चिपा वेचत मी हेच शिकलो होतो. मी एक दगड तिसऱ्यांदा फिरवून बसवला तेव्हा ते गृहस्थ घरातून बाहेर आले, थोडा वेळ बघत राहिले आणि काही न बोलता दुसऱ्या टोकाने रचू लागले.

ते रॅलीचे चाहते झाले नाहीत. शर्यत बघायला आजवर आले नाहीत. पण त्या वर्षी विरोधाचं पत्र गेलं नाही आणि पुढच्या वर्षीपासून आम्हा मार्शलांच्या गाड्या लावायला त्यांनी आपलं कुरण उघडं ठेवलं.

असे किती किस्से. एका घरातली नर्स रात्रपाळीला जायची, म्हणून तिला रस्ता बंद व्हायच्या आधी टोबरमोरीत पोचवायची जबाबदारी शेजाऱ्यांनी घेतली. एका शेतकऱ्याने मेंढ्या आदल्या दिवशीच वरच्या कुरणात नेल्या आणि आम्ही चौघांनी त्या हाकायला मदत केली. मेंढी हाकणं हे काम दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे, एवढंच सांगतो. डर्व्हेगमध्ये, जिथल्या चर्चचा मनोरा टोकदार पेन्सिलीसारखा आहे, तिथे बायका मसुराचं सूप करायच्या. पावसात तीन तास उभं राहून आल्यावर हातात ते सूप आलं की बोटांना पुन्हा जाण यायची.

आणि मग ती रात्र. शुक्रवारी संध्याकाळी टोबरमोरीच्या बंदरावरून गाड्या एकेक करून सुटतात. मलची खरी रॅली रात्रीची. शुक्रवारची रात्र, शनिवारचा दिवस, मग शनिवारची रात्र, रविवारच्या पहाटेपर्यंत. माझी जागा ठरलेली, एका आजींच्या फाटकाजवळ, उजव्या वळणावर. फाटकाच्या वाटेवर आडवी लाल-पांढरी फीत बांधायची, आजींचं फाटक बंद आहे ना ते बघायचं आणि वाट बघायची. रस्ता बंद झाल्यावर जी शांतता पसरते, तशी मी दुसरीकडे कुठे अनुभवली नाही. खाडीचं पाणी, वारा, लांब कुठे हरणाची हाक. मग आधी तपासणीच्या गाड्या जातात, दिवे फिरवत, भोंगा वाजवत. त्यातली शेवटची, झिरो कार, गेली की समजायचं, आता पुढची स्पर्धक.

आवाज आधी डोंगरातून येतो. मग दिव्यांचा झोत खाडीच्या पलीकडच्या कड्यावरून सरकतो, नाहीसा होतो, पुन्हा येतो. वळणाआधी ब्रेक लागतो तेव्हा चाकांच्या आतल्या तबकड्या लालबुंद तापलेल्या दिसतात. दोन सेकंदात गाडी गेलेली असते आणि अंगावर खडी नि पाण्याचा शिंतोडा राहतो. शेजारी बसलेला सहचालक वहीतली वळणं वाचत असतो, पण बेटावरचे चालक ते वळण जन्मापासून ओळखतात. म्हणून तर नील मॅकिनन, कॅलम डफी यांच्यासारख्यांनी ही रॅली पुन्हा पुन्हा जिंकली. बाहेरून मोठमोठ्या गाड्या घेऊन येणाऱ्यांना शाळेच्या बसने याच रस्त्यावरून गेलेली मुलं हरवतात. बेटावरच्या एखाद्या मुलाची गाडी गेली की आजी खिडकीतून टाळ्या वाजवायच्या. बाकीच्यांना नाही.

रविवारी सकाळी आजी फाटकाची फीत स्वतः सोडायच्या, पुसून गुंडाळायच्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. "प्लास्टिक आहे, फेकायचं कशाला? पुढच्या वर्षी हीच बांध." आणि मी खरंच तीच बांधायचो.

2014 च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या सरहद्दीकडच्या जिम क्लार्क रॅलीत तीन प्रेक्षक दगावले. त्यानंतर सगळंच बदललं, आणि बदलायलाच हवं होतं. प्रेक्षकांनी कुठे उभं राहायचं नाही याच्या आखलेल्या जागा वाढल्या, आमचं प्रशिक्षण वाढलं. माणसं हलली नाहीत तर स्टेज रद्द, यात वाद नाही. त्या वर्षी मामांनी पत्रं देताना प्रत्येक घरी ही गोष्ट काढली. कुणी विचारण्याआधी आपणच बोलायचं, असं त्यांचं म्हणणं.

मग विम्याचा आणि कायद्याच्या आधाराचा प्रश्न उभा राहिला आणि 2017 मध्ये बंद रस्त्यांवरची रॅली झालीच नाही. 2018 मध्येही नाही. 2017 च्या ऑक्टोबरात आम्ही चौघे तरीही गेलो. बोट अर्धी रिकामी. टोबरमोरीत खोल्या सहज मिळाल्या, आणि ज्यांनी दिल्या त्यांना त्याचा आनंद नव्हता. मोसम संपता संपता रॅलीच्या आठवड्यात जे पैसे येतात, त्यावर इथल्या कित्येक घरांचा हिवाळा निघतो. पण हॉलमध्ये भेटलेली माणसं पैशांबद्दल कमीच बोलली. मुलगा येणार नाही या वर्षी, एवढंच एक बाई दोनदा म्हणाल्या.

विरोध करणारे ते गृहस्थ दुकानात भेटले. "शांत आहे," ते म्हणाले. थोडं थांबून, "जरा जास्तच."

त्या दोन वर्षांत बेटावरची माणसं हात बांधून बसली नाहीत. लोकांनी कौन्सिलला पत्रं लिहिली, आमदारांना गाठलं. स्कॉटलंड सरकारने नवे नियम केले. आता आधी मोटार क्रीडेच्या राष्ट्रीय संस्थेचा परवाना, मग कौन्सिलचा आदेश, अशी दुहेरी वाट झाली. 2019 च्या सप्टेंबरात मी मामांबरोबर पुन्हा पत्रं घेऊन निघालो. मामांना आता चढ चढवत नव्हते. ते गाडीत बसायचे, मी दारं ठोठवायचो आणि माणसंच बाहेर येऊन त्यांच्या खिडकीशी वाकायची.

आजींच्या घरी सगळ्यात शेवटी गेलो. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं, वेळा बोटाने तपासल्या, फ्रिजला चिकटवलं.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी मी केशरी जाकीट घालून फाटकाशी पोचलो, तेव्हा पाऊस आडवा येत होता. पिशवीत नव्या फितीचं भेंडोळं होतं. आजी ओट्यावर उभ्या होत्या, काखेत बिस्किटांचा डबा. झाकण गंजून घट्ट बसलं होतं, त्यांच्याने निघेना. मी चावीने उचकटलं. आतली फीत कोरडी होती. एक टोक त्यांनी स्वतः फाटकाला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं, आणि मी ते धरून फाटकाची वाट ओलांडली.