एचबीएवनसी 6.3, तरीही यादीत सर्वांत वर

कोपरखैरण्यातील आमच्या दवाखान्यात मधुमेहाच्या रुग्णांची यादी केवळ साखरेच्या आकड्यांवरून लावणे आम्ही बंद केले आहे. येत्या वर्षभरात रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची किंवा जीव जाण्याची भीती कोणाला अधिक, या क्रमाने ती लावतो आणि त्यासाठी वय, मूत्रपिंडाचे कार्य, लघवीतून जाणारे प्रथिन, आधी दाखल झाल्याची नोंद, पायाची संवेदना व साखर उतरण्याचे प्रसंग पाहतो. त्या सकाळी यादीत सर्वांत वर असलेल्या रुग्णाचे एचबीएवनसी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 6.3 होते, म्हणजे दिसायला अगदी आटोक्यात.

68 वर्षांचे हे काका मूळचे जावळी खोऱ्यातले. उमेदीची सारी वर्षे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी म्हणून पोती वाहण्यात गेलेली. सूनबाईंनी मोठ्या समाधानाने रिपोर्ट पुढे केला. “डॉक्टर, बाबांची शुगर एकदम कंट्रोलमध्ये आहे. गोड तर आम्ही बंदच केलंय.”

त्याच कागदावर खाली क्रिएटिनिन 1.7, त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग) 43 आणि लघवीतून किती प्रथिन जाते ते दाखवणारे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 410 होते. मूत्रपिंडविकाराच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात हे दोन आकडे ज्या चौकोनात येतात, तो लाल, म्हणजे सर्वाधिक धोक्याचा असतो. दिवाळीनंतर धाप लागून ते दाखलही झाले होते, आणि एकदा दाखल झालेला रुग्ण पुन्हा दाखल होण्याची शक्यता नेहमीच अधिक धरावी लागते.

त्यांना डोळे मिटायला सांगून दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा मी अंगठ्याखाली टेकवला. धागा वाकला. दुसऱ्या पावलावर, मग चवड्यावर टेकवला. “लागलं की सांगा,” असे मी आधीच सांगून ठेवले होते. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “करा सुरू, डॉक्टरसाहेब.”

पहाटे घाम येतो का, हात थरथरतात का, असे विचारल्यावर सूनबाई सहज म्हणाल्या, “येतो ना, पण साखरपाणी दिलं की बरं वाटतं त्यांना.” पहाटे साखर फार खाली उतरत होती; 6.3 या आकड्यामागचे कारण इथे होते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू, मूत्रपिंड मंदावलेले, त्यामुळे औषधाचा अंमल लांबलेला आणि रात्रीचे जेवण जेमतेम एक भाकरी. अमेरिका व कॅनडातील ‘अकॉर्ड’ चाचणीत एचबीएवनसी 6 च्या खाली आणण्याचा प्रयत्न झालेल्या गटात 257, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात 203 मृत्यू झाले आणि 2008 मध्ये ते कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. दोन्ही गटांत पाच हजारांहून अधिक माणसे होती. वृद्ध, हृदयाचा त्रास असलेल्या रुग्णाची साखर फार खाली नेण्याआधी हे आकडे प्रत्येक डॉक्टरने आठवावेत, असे मला मनापासून वाटते.

काकांनी सरळच विचारले, “म्हणजे माझी किती वर्षं राहिली?”

यादी लावण्याचे हे धोक्याचे गणित एका माणसाचा दिवस सांगत नाही. तुमच्यासारख्या शंभर जणांपैकी साधारण किती जणांना त्रास होईल, एवढेच सांगते, असे मी त्यांना समजावले. शिवाय यातली बरीचशी सूत्रे युरोप-अमेरिकेतील रुग्णांवरून बांधलेली असल्याने मी त्यांच्या टक्केवारीपेक्षा त्यांनी लावलेल्या क्रमावर अधिक विसंबतो. वय बदलता येत नाही, आधी रुग्णालयात दाखल झाल्याची नोंदही पुसता येत नाही. पण औषधे बदलता येतात.

ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद केले, मेटफॉर्मिन निम्म्यावर आणले आणि डापाग्लिफ्लोझिन सुरू केले. हृदय निकामी होऊन दाखल होण्याचा आणि मूत्रपिंड ढासळण्याचा धोका ते कमी करते. 2020 मध्ये त्याचे मुख्य पेटंट संपल्यापासून माथाडी कुटुंबालाही ते परवडते. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ही गोळी वाढवून पोटॅशियम तपासायला सांगितले, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टू-डी इको लिहून दिला. पायांत मऊ चपला, रोज रात्री तळवे पाहणे आणि पहाटे घाम आला तर आधी ग्लुकोमीटर, हे सूनबाईंनी वहीत उतरवून घेतले.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी 7.4 आले. “वाढली हो शुगर,” म्हणत त्या चिंतेत पडल्या. पहाटेचा घाम पूर्ण थांबला होता, लघवीतील प्रथिनाचे गुणोत्तर 410 वरून 260 वर आले होते. हवी होती तेवढीच वाढली आहे, असे त्यांना सांगून मी यादीत काकांचे नाव चार ओळी खाली घेतले.