तुटलेली रिंग आणि पुढचे सात दिवस

गेल्या मे महिन्यात एका सकाळी माझ्या बोटांना योनीत बसवलेल्या गर्भनिरोधक रिंगचे मोकळे टोक लागले. बाहेर काढून पाहिले, तर सुमारे ५४ मिलिमीटर व्यासाचे ते लवचीक, पारदर्शक कडे सांध्यापाशी सुटून सरळ होऊ पाहत होते. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. या कड्यासाठी मात्र तसा सोयीचा शब्द नाही.

पहिली भीती अशी वाटली, की आतील सगळे संप्रेरक एकदम शरीरात गेले असेल. ती निराधार होती. इटोनोजेस्ट्रेल आणि एथिनिल एस्ट्राडायॉल ही संप्रेरके रिंगच्या प्लॅस्टिकमध्येच मुरवलेली असून ती रोज सरासरी अनुक्रमे १२० आणि १५ मायक्रोग्रॅम इतकीच झिरपतात, आणि तुटल्यामुळे मात्रा अचानक वाढण्याची शक्यता नसते. खरी अडचण वेगळी असते: तुटलेली रिंग घसरून बाहेर येऊ शकते, आणि ती तीन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिली तर संरक्षण कमी होऊ शकते. क्वचित टोकांनी आत इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून वेदना किंवा रक्तस्राव असेल तर तपासणी टाळू नये.

डॉक्टरांनी फोनवर सांगितले, की तुटलेली टाकून लगेच नवी बसवा आणि पुढील सात दिवस कंडोम वापरा. रिंग नेमकी केव्हा तुटली हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे आदल्या दिवसांतील संबंधांविषयी त्यांनी स्पष्ट विचारले. गरज भासल्यास तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, घ्यायची असते. संकोच फोनवर आवरता येतो, म्हापशाच्या ओळखीच्या फार्मसीत तो अधिक जाणवतो, तरीही मी गेले.

तिथल्या ताईंनी आणखी एक चूक दाखवली. दुकानातून आणलेली रिंग ३० अंशांहून अधिक तापमानात ठेवायची नसते, आणि मी ती उन्हाळाभर पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, कपाटात ठेवत होते. तुटण्याचे कारण तेच होते असे मी म्हणणार नाही.

जुनी रिंग तिच्या पाकिटात बंद करून कचऱ्यात टाकली, संडासात नव्हे. जादा रिंग आता फ्रीजमध्ये, भिरंडाच्या (कोकमाच्या) आगळाच्या बाटलीमागे असते. सासूबाईंनी विचारले तेव्हा ‘औषध आहे’ एवढेच सांगितले.