एकच रॅक, घरी रेकॉर्डिंगला आणि स्टेजवर बासला: माझा अनुभव

मी बास गिटार वाजवतो आणि मला एकच रॅक पाहिजे होता, म्हणजे सगळं सामान स्क्रूनं घट्ट बसवलेला एकच खोका. घरी लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग करायचं आणि गणपतीत, शिवजयंतीला, लग्नाच्या ऑर्केस्ट्राला तोच उचलून न्यायचा, आतली एकही वायर न हलवता. झाला तसा, आणि आता मस्त चाललाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

खोका आमच्या सुतारमामांनी १८ एमएम प्लायचा केला. रॅकच्या सामानाची पुढची पट्टी १९ इंच रुंद असते आणि उंची 'यू'मध्ये मोजतात, १ यू म्हणजे पावणेदोन इंच, मी ६ यू धरला म्हणजे आतनं साडेदहा इंच. मामा म्हणाले स्क्रूची भोकं मीच पाडतो की, पण ती भोकं समान अंतरावर नसतात, दोन अंतरं १५.८७५ एमएम आणि तिसरं १२.७, परत तेच चालू. हाताने पाडली तर वरचं बसतं आणि खालचं तिरकं होतं, त्यामुळं तयार लोखंडी रेल मागवून लावली.

वरून ट्यूनर, मग कॉम्प्रेसरवाला प्रीअँप (प्रीअँप बासचा बारीक सिग्नल वाढवतो, कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो), त्याखाली १ यू जाळीची पट्टी, मग ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा), तळाला पॉवर कंडिशनर. जाळी सोडलीच पाहिजे, सोलापूरचा एप्रिल-मे माहितीये ना, चाळीसच्या वर पारा आणि वर पत्र्याचं छत असलं की सामान नुसतं भाजतं. पॉवर कंडिशनरबद्दल गैरसमज असतो, तो स्पाइक आणि लाइनचा कचरा अडवतो, व्होल्टेज स्थिर करत नाही, त्यासाठी स्टॅबिलायझर वेगळाच घ्यावा लागतो.

आता खरा विषय, हम, म्हणजे विजेच्या लाइनमधनं येणारी घूं-घूं. आम्ही पूर्वभागात राहतो, गल्लीत यंत्रमाग, आणि रॅक चालू केला की हेडफोनमध्ये सारखं घूंऽऽ. मित्र म्हणाला काय बे, लाइनची वीज ५० हर्ट्झची, ईक्यूमधनं (सूर कमी-जास्त करायची बटणं) तेवढंच काप की. गिटारवाल्याचं चालून जाईल, बासवाल्याचं नाही. ई तारेवर तिसऱ्या पट्टीवरचा जी सूर म्हणजे ४९ हर्ट्झ, म्हणजे हम कापायला गेलं की त्याच्याबरोबर आपला जी पण जातो! त्यामुळं हम उगमालाच मारायला पाहिजे, हे माझं ठाम मत.

वायरमन काकांनी मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३० ठीक, पण न्यूट्रल आणि अर्थमध्ये १८ व्होल्टच्या आसपास दाखवत होतं, ते दोन-तीनच्या आत पाहिजे. पाण्याच्या टाकीजवळचा अर्थिंगचा खड्डा उघडला तर माती कोरडी ठक्क, भेगा पडलेल्या, आणि पट्टीचा बोल्ट गंजून सैल झालेला. बोल्ट बदलला, मीठ-कोळसा नव्यानं भरला, बादल्यांनी पाणी ओतलं आणि मीटर दोनच्या खाली आला. काका म्हणाले, उन्हाळ्यात ह्याला पाणी घालत जावा, झाडासारखं. तेव्हापासून आमच्या आई तुळशीबरोबर तिथंही तांब्या रिकामा करतात.

बराचसा आवाज तिथंच गेला. उरलेला फक्त लॅपटॉपचा चार्जर लावला की यायचा, म्हणजे ग्राउंड लूप, अर्थ दोन वाटांनी जोडला गेला की होतो तो. ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय (बासचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारा डबा) मध्ये टाकून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं आणि शांत. माझा जॅझ बास सिंगल कॉइलचा आहे, म्हणजे तारांखालच्या प्रत्येक पिकअपला एकच वेटोळं, दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम फुल ठेवले की त्यांचा हम एकमेकांना खातो, एक जरी कमी केला की परत येतो, हेही लक्षात ठेवा.

आणि प्लीज, हम घालवायला कुणी प्लगची अर्थची पिन मोडू नका. मी लोकांना करताना बघितलंय. बासच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, हात तारेवर आणि ओठ माइकला, कुठं फेज लीक झाला तर जीव जाऊ शकतो. ग्राउंड लिफ्ट फक्त एक्सएलआरची (तीन पिनांची माइकची वायर) १ नंबरची पिन सोडवतं, मेनचं अर्थ तसंच राहतं, म्हणून ते चालतं. मंडपात जनरेटरवर लाइन असली तर मी आधी मीटर लावतो, साउंडवाले दादा वैतागले तरी.

घरी रेकॉर्डिंगला सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ आणि बफर (लॅपटॉप एका दमात घेतो तेवढे सॅम्पल) १२८ ठेवतो, नुसत्या एका बफरचे पावणेतीन मिलिसेकंद होतात, येऊन-जाऊन त्याच्या दुपटीपेक्षा जरा जास्त, वाजवताना जाणवत नाही. कॉम्प्रेसर ४:१, अटॅक (दाबायला लागायचा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास म्हणजे बोटाचा ठोका आधी निघून जातो. खालच्या सुरांचा निर्णय खोलीतल्या स्पीकरवर घेऊ नका, मोकळ्या ई ची लहर सव्वाआठ मीटरची आणि आमची खोली त्याच्या निम्मी पण नाही, एका कोपऱ्यात ढमढम आणि मध्ये गायब. मी हेडफोनवरच ठरवतो. स्टेजला डीआय प्रीअँपच्या आधीचा देतो, मग मी माझ्या अँपवर काहीही फिरवलं तरी साउंडवाल्याचा बास हलत नाही.

स्क्रू एम-६ चे, केज नटवाले (चौकोनी भोकात अडकणारे नट), वॉशर प्लास्टिकचे घ्या म्हणजे पट्टी घासत नाही. आणि जादा नट झाकणाच्या आत पिशवीत टेपनं चिकटवून ठेवा, मंडपात रात्री खाली पडलेला नट काही सापडत नाही.