बोटाला आधी कळलं

मनोगत लिहून द्या म्हणून फोन आला तेव्हा म्हटलं, मला आता काय आठवणार, चाळीस वर्षं होत आली. पण गेल्या महिन्यात आपल्या अंधशाळेत आलो आणि लायब्ररीतल्या बाईंनी पाचवीचं मराठीचं जुनं ब्रेल पुस्तक मांडीवर ठेवलं, उशीएवढं जाड. धडा कुठला ते काही आठवेना. वाचत होतो, तर तिसऱ्या पानावर ओळीच्या मध्येच बोट आपोआप हळू झालं, जरा दाबलंच गेलं, आणि पुढचा शब्द अख्खा सपाट, टिंबं पार झिजलेली! म्हणजे पुढे गडबड आहे हे बोटाला आधी कळलं आणि मला मागून. दादर यायच्या आधी लोकलमध्ये झोपलेला माणूस कसा टक्क जागा होतो, तसंच.

आता आठवण बोटात नसते, मेंदूत असते, ते मलाही कळतं. १९९६ साली तर असं दिसलं की लहानपणी नजर गेलेले लोक ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूतला बघायचा भाग कामाला लागतो. मला जास्त आवडते ती एच.एम. या पेशंटची गोष्ट. १९५३ च्या मेंदूच्या ऑपरेशननंतर त्याच्या नवीन काही लक्षातच राहायचं नाही, तरी मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली, तर तीन दिवसांत हात छान बसला आणि हा दर वेळी म्हणायचा की मी हे पहिल्यांदाच करतोय.

उलटं गिरवणं म्हटलं की आपली ब्रेल लिहायची स्लेटच आठवते. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कागद पलटला की सरळ. सर स्टायलसचा, म्हणजे टोचणीचा, आवाज ऐकून सांगायचे, 'चुकलास रे', कसं ते देव जाणे. परवा मुलीने विचारलं, बाबा, सहा टिंबांपैकी ज ची कुठली? इतकी वर्षं वाचतोय, पण नंबर सांगता येईनात! शेवटी टेबलावर बोटं टेकवून बघितलं तेव्हा सांगितलं, दोन चार पाच.

बाईंना विचारलं, या पानाचं असं का झालं? म्हणाल्या, झिजलंय कुठे, कोणीतरी नखाने खरवडलंय.

मी गप्प बसलो. वर्गात शेजारी बसायचा तो म्हणतो तूच खरवडलंस, मला खरंच आठवत नाही.