काळी चारचा गंधार

रत्नागिरीत माझं कीबोर्ड, माइक, केबल असल्या सामानाचं छोटं दुकान आहे. पण माझं मन रमतं ते दुकानाबाहेरच्या कामात. घरच्या घरी गाणं-वाजवणं करणाऱ्यांना स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, वाद्यांचे आवाज कुठले घ्यावेत हे सांगायचं आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून द्यायचं. भजनी बुवा येतात, संगीतशिक्षक येतात, बेंजो पार्टीतली पोरं येतात. त्यातला निम्मा वेळ काय घेऊ नका हे सांगण्यात जातो.

आषाढात पावसच्या अलीकडच्या एका वाडीतून काकूंचा फोन आला. वय पंचाहत्तरीच्या पुढे, शाळेत संगीत शिकवून निवृत्त. त्यांचे वडील हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. पदाच्या ओळी संपताना ते जे तुकडे भरायचे, ते डाव्या हातासकट काकूंच्या बोटांत अजून आहेत. ते लिहून काढायचे होते, टोरांटोतल्या नातीसाठी. नात पियानो वाजवते, पाश्चात्त्य पद्धतीचं पाच रेघांचं लेखन वाचते; सरगम तिला वाचता येत नाही.

काकूंनी वह्या भरभरून भातखंडे पद्धतीत लिहून ठेवलं होतं. कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, सप्तकांचे बिंदू, समेची फुली. गळ्याच्या गाण्याला याहून सुटसुटीत लेखन मी पाहिलेलं नाही. पण एकाच मात्रेवर उजवा हात चार सूर फिरतोय आणि डावा दोन पट्ट्या धरून बसलाय, हे त्यात मांडताना त्यांची फार ओढाताण झालेली दिसत होती.

"आणि हे बघ," त्या फोनवर म्हणाल्या, "ते वाजायला आमच्या पेटीसारखं हवं. पियानो नको."

भाट्याचा पूल ओलांडून पोहोचलो तेव्हा पाऊस धो धो होता. लॅपटॉप उघडला आणि माझं डोकं फिरलं. 4 जीबी मेमरीच्या, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर कुणीतरी ओळखीच्या मुलाने चोरीचं महागडं सॉफ्टवेअर आणि आख्ख्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे साठ जीबी आवाज भरून ठेवले होते. एक व्हायोलिन उघडायला चार मिनिटं. काकू दोन महिने रोज सकाळी ते चालू करायच्या आणि आपल्यालाच जमत नाही असं समजून बंद करायच्या. असं करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. चोरीचं सॉफ्टवेअर अर्ध्यात बंद पडतं तेव्हा देणारा फोन उचलत नाही, आणि म्हातारी माणसं दोष स्वतःला लावून घेतात.

सगळं काढून टाकलं आणि म्युझस्कोअर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर घातलं. फुकट आहे, त्याचा कोडही कुणीही उघडून बघावा असं आहे. 2022 च्या डिसेंबरात त्याची चौथी आवृत्ती आली, तिच्यासोबत मिळणारे वाद्यवृंदाचे आवाज खरंच सुंदर आहेत, पण ते कित्येक जीबींचे. वाडीतल्या नेटवर ते उतरायला पावसाळा पुरला नसता. म्हणून तिसऱ्या मालिकेतली शेवटची, 3.6.2. सिबेलियस या दुसऱ्या स्वरलेखन सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती चार वाद्यांपुरती आहे, काकूंना तेवढीही पुरली असती. डोरिकोचीही फुकट आवृत्ती आहे आणि तिचं पान छापल्यावर सर्वांत देखणं दिसतं. 2012 साली लंडनमधून काढून टाकलेल्या सिबेलियसच्याच माणसांनी ते बनवलं. पण या लॅपटॉपला ते झेपणारं नव्हतं. फिनालेचं नाव मी आता कुणाला सांगत नाही. पस्तीस वर्षांनंतर ऑगस्ट 2024 मध्ये ते बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं तेव्हा एक गिऱ्हाईक वीस वर्षांच्या फाइली घेऊन माझ्या दारात आलं होतं. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर देताना मी आधी एकच गोष्ट शिकवतो, दर महिन्याला सगळ्या फाइलींची म्युझिकएक्सएमएलमध्ये प्रत काढायची. ती प्रत दुसऱ्या कुठल्याही स्वरलेखन सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

आवाजांचं मात्र इतकं सोपं नसतं. 1991 मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या वाद्यांच्या आवाजांच्या प्रमाण यादीतल्या 128 आवाजांत 105 वर सतार आहे, 112 वर शहनाई आहे, पण हार्मोनियम नाही, तबला नाही. जवळात जवळ 21 वा, रीड ऑर्गन. तो लावला. काकूंनी दोन ओळी ऐकल्या आणि नुसती मान हलवली. ॲकॉर्डियन लावला, तेव्हा त्या उठून चहा करायला गेल्या.

एरवी लिहिणाऱ्या माणसाला मी साधा, सुरुवात ठसठशीत असलेला आवाजच देतो. घुमणाऱ्या, भरदार आवाजात चुका लपतात. साध्या आवाजात चुकलेली मात्रा लगेच कानाला टोचते. पण इथे आवाज हीच मागणी होती, आणि ती पेटी माझ्या समोर होती. माजघरात, मेणकापडाखाली. पायपेटी, पाच सप्तकांची, 61 पट्ट्यांची. पावसाळ्यात तिच्या पोटात शून्याचा दिवा लावून ठेवायची वडिलांची पद्धत काकूंनी अजून पाळली होती. तरी खारी हवा ती खारी हवा. सूर देणाऱ्या पितळी रीडवर हिरवट बुरा चढला होता, भात्याचं कापड दोन ठिकाणी विरलं होतं, काही पट्ट्या फुगून अडकत होत्या. मोजल्या. 61 पैकी 47 बोलत होत्या, 14 मुक्या.

मी म्हटलं, "काकू, हिचेच सूर घेऊ."

हे काम मला आवडतं आणि मला ते नीट येतं. माइक पेटीच्या पाठीशी, हातभर अंतरावर. काकूंनी पाय मारून भाता भरायचा, मग पाय थांबवायचे, कारण पायट्याची धप माइकात येते. मी पट्टी दाबायची आणि आठ सेकंद धरायची. भाता उतरू लागला की सूर किंचित हलतो, तिथून पुढचं टाकून द्यायचं. पाऊस कौलांवर वाजत असेपर्यंत काहीच करता येत नाही. उघडीप मिळाली की पाच-सहा सूर पदरात पडतात, तेवढ्यात मासेवाली हाक मारते. अकराला बसलो, चार वाजता 47 वा सूर झाला. मग प्रत्येक नमुन्यात, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सुरात, असा तुकडा शोधायचा की तो पुन्हा पुन्हा फिरवला तर सांधा ऐकू येऊ नये. रीडला स्वतःचा कंप असतो. तो मध्येच कापला तर धरलेला सूर उचकी लागल्यासारखा वाजतो. हे सगळं पॉलिफोन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि त्यातून साउंडफॉन्टची, म्हणजे म्युझस्कोअरला वाजवता येणाऱ्या नमुन्यांची, फाइल निघते. आख्खी पेटी 33 एमबीच्या आसपास बसली. साठ जीबी कुठे आणि ही कुठे!

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नमुन्यापुढे दुरुस्तीचा एक रकाना असतो, सेंटमध्ये. सप्तकाचे 1200 सेंट, लगतच्या दोन पट्ट्यांत शंभर. सूर उतरला असेल तर तितका चढवायचा, चढला असेल तर उतरवायचा. मी सूर मोजणाऱ्या मापकाची सुई बघत गेलो आणि प्रत्येक सुराची सुई शून्यावर येईपर्यंत आकडे भरत गेलो. कुठे अधिक 14, कुठे उणे 16, कुठे अधिक 12. जुनी पेटी, खारी हवा, रीड हलणारच असं मनात धरून अर्ध्या तासात 47 सूर बरोबर केले. मुक्या पट्ट्यांना शेजारच्या सुराचा आवाज ताणून दिला.

मग काकूंचा एक तुकडा कीबोर्डवरून एकेक सूर घालत लिहिला. त्यांची गायची पट्टी काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी हा सा, कागदावर ए फ्लॅट, सुरुवातीलाच चार कोमलांच्या खुणा. "शुद्ध सुरांच्या रागाला एवढे कोमल कशाला?" त्यांनी विचारलं. त्या खुणा पट्टीच्या आहेत, रागाच्या नाहीत, हे समजावलं. मग वाजवलं.

पहिल्या दोन सुरांना त्यांचा चेहरा उजळला. वडिलांची पेटी, मुक्या पट्ट्यांसकट, लॅपटॉपमधून बोलत होती. आणि चौथ्या मात्रेवर त्यांनी हात वर केला.

"हा गंधार आमचा नाही."

मी मापक दाखवला. सुई शून्यावर. "काकू, आता तो बरोबर आहे. आधी उतरलेला होता."

त्या काही न बोलता पेटीवर जाऊन बसल्या, पाय मारले, आणि काळी चार आणि पांढरी एक एकत्र दाबल्या. षड्ज आणि गंधार, म्हणजे सा आणि ग. दोन सूर एकमेकांत मिसळून स्तब्ध उभे राहिले, कुठे हलणं नाही. मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. मी तेच दोन सूर तिथे वाजवले. ते थरथरत होते, सेकंदाला सात-आठ वेळा.

मला घाम फुटला. कारण हे मला माहीत होतं. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की गंधार 400 सेंटवर येतो. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार 386 वर असतो. चौदाचा फरक. अशाच कारणांनी 1940 पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आलोय. गंधार ट्यूनिंगच्या, म्हणजे या तंबोऱ्यातल्या गंधारावर लावलेल्या, पेट्या मी वाजवून पाहिल्या आहेत. आणि तरी सुई समोर आल्यावर मी कानाला विचारलंच नाही.

मी भरलेले आकडे पुन्हा वाचले, या वेळी काळी चारला सा धरून. पांढरी एक, म्हणजे गंधार, मूळ 14 ने उतरलेला. पांढरी चार, धैवत, 16 ने. पांढरी पाच, निषाद, 12 ने. पांढरी सात, कोमल गंधार, 16 ने चढलेला. पांढरी तीन, कोमल धैवत, 14 ने चढलेला. एखाद-दुसऱ्या सेंटच्या फरकाने हेच सगळ्या सप्तकांत. गंज प्रत्येक सप्तकात मोजून त्याच पट्टीवर बसत नाही.

पेटीची पाठ उघडली आणि टॉर्च धरला. पितळी रीडचं टोक घासलं तर सूर चढतो, बुंध्याशी घासलं तर उतरतो. सगळ्याच रीडवर थोड्याफार रेघा असतात, पण पांढरी एकच्या रीडवर बुंध्याशी कानशीच्या बारीक, समांतर रेघा होत्या, आणि पांढरी सातच्या टोकांवर तशाच. घाई न करता, एकेक रीड काढून केलेलं काम.

"बाबा स्वतः घासायचे," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, बिघडलंय म्हणून."

मी विचारलं, काळी चारमध्ये कोण गायचं? काकूंनी सांगितलं, नाटकाला कंपनीचा ऑर्गन असे, हा घरचा होता. घरी येणारे पुरुष काळी एक, पांढरी दोनचे. अशा पेटीवर त्यांना बरंच खटकलं असणार.

"काळी चार घरात माझीच," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

सगळे रकाने रिकामे केले, तुकडा पुन्हा वाजवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, नंतर तिन्हीसांजेला दिवा लावायला उठल्या.

राहिल्या 14 मुक्या पट्ट्या. त्यातली एक पांढरी एक होती. तिथे मी हिशेबाने उणे 14 भरलं. पण काही पट्ट्यांत एकाहून जास्त उत्तरं निघतात. कोमल निषादाच्याच दोन जागा आहेत, बारा सारख्या भागांतल्या सुरापेक्षा 18 ने वर किंवा 4 ने खाली, आणि वरच्या सप्तकातली ती पट्टी मुकी आहे. खालच्या सप्तकांत वडिलांनी चढवून घेतलाय म्हणून मी वरही तसंच केलं. त्यांनी तिथे तेच केलं असतं का, हे विचारायला कुणी नाही.

नातीला फाइल पाठवली तेव्हा दुसरी अडचण लक्षात आली. स्वरलेखनाच्या फाइलीत सूर कुठला आणि किती मात्रांचा हे जातं. आवाज जात नाही. तिच्याकडे ती उघडली तर तिच्या पियानोतच वाजणार. तिने सोयीसाठी एका क्लिकमध्ये पट्टी बदलून सी मध्ये घेतली, तर गंधार जाऊन बसणार पांढरी तीनवर, जी 14 ने चढलेली आहे, आणि मग आजोबांची पेटी बेसूर आहे असं तिला वाटेल. म्हणून साउंडफॉन्ट वेगळा पाठवला, वाजवलेल्या तुकड्यांची रेकॉर्डिंगं वेगळी पाठवली, आणि काकूंकडून चार ओळी लिहून घेतल्या की पट्टी बदलू नकोस. त्या कागदाचा फोटो फाइलींसोबत गेला.

त्या रात्री दुकानात येऊन जुनी हार्ड डिस्क लावली. याआधी मी तीन पेट्यांचे सूर असेच घेतले होते, असेच सुईवर आणले होते आणि त्याचे पैसे घेतले होते. दोन पेट्यांचे मूळ नमुने सापडले. एकीचे आकडे खरंच अस्ताव्यस्त आहेत, तिथे गंजच होता. दुसरीचे मी तीनदा तपासले. काळी एकला सा धरला तर गंधार आणि धैवत चोख बसतात, निषाद बसत नाही, त्यामुळे अजून ठरत नाही.

तिसरी पेटी वेंगुर्ल्याकडच्या एका दशावतारी पेटीवाल्याची. तिचे मूळ नमुने डिस्कवर जागा हवी म्हणून मी पुसले होते. त्यांना फोन केला. पेटी अजून आहे, पण गेल्या पावसाळ्यात भाता फुटल्यापासून पोटमाळ्यावर आहे. रविवारी माइक आणि भात्याचं कापड घेऊन जातोय.